६३२चा भाव

माझ्या भाचीचे पाच गुण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. इतर मुलांचे गुण घाईगडबडीत जातात, गोल काळा करताना जातात. हिचे देशाच्या सरन्यायाधीशांसमोर गेले. प्रश्न फिजिक्सचा होता, अणूविषयीचा. दोन विधानं दिलेली आणि त्यांतलं कोणतं बरोबर ते सांगायचं. एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीत ‘प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात’ अशा अर्थाचं वाक्य होतं. नव्या आवृत्तीत ‘प्रत्येक’च्या जागी ‘बहुतेक’ आलं. भाचीने गल्लीतल्या एका दादाची जुनी पुस्तकं वापरली होती. तिच्या पुस्तकाप्रमाणे तिचं उत्तर बरोबरच होतं, आणि परीक्षा घेणाऱ्या एनटीएनेही आधी ते मान्य करून गुण दिले होते. ४ जून २०२४ला, म्हणजे लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशीच, वैद्यकीय प्रवेशासाठीच्या नीटचा निकाल लागला तेव्हा तिला ७२०पैकी ६३७ होते.

मग कुणीतरी न्यायालयात विचारलं, एका प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर कशी? न्यायालयाने दिल्लीच्या आयआयटीला तीन तज्ज्ञ नेमायला सांगितलं. तज्ज्ञ म्हणाले, उत्तर एकच. २३ जुलैच्या निकालाने पेपरफुटीवरून आलेली फेरपरीक्षेची मागणी फेटाळली गेली आणि तो एक प्रश्न नव्याने तपासला गेला. ‘जुन्या’ उत्तराला दिलेले चार गुण गेले, वर चुकीच्या उत्तराचा एक कापला गेला. देशभरात चार लाखांहून अधिक मुलांचं असं झालं. पैकीच्या पैकी गुण मिळवणारी मुलं आधी ६७ होती, काहींना दिलेले वाढीव गुण रद्द होऊन ६१ झाली होती. ती एका फटक्यात १७वर आली. २६ जुलैच्या संध्याकाळी सुधारित निकाल लागला तेव्हा भाचीचे ६३७चे ६३२ झाले होते.

“पाचानं काय होतंय?” दाजी म्हणाले. दाजींची लातूर जिल्ह्यात औशाजवळ शेती आहे, अक्का जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पाच गुणांना घरात मोजत नाहीत अशी दोघांचीही पिढी.

पाचाने काय होतं, हे मी त्या रात्री कागदावर मांडलं. न्यायालयाच्या सांगण्यावरून एनटीएने २० जुलैला केंद्रवार गुण जाहीर केले होते. त्यांवरून दिसत होतं की ६५० किंवा त्याहून जास्त गुण मिळवणारी मुलं तीस हजारांच्या आसपास आहेत, आणि ६०० किंवा त्याहून जास्त मिळवणारी ८१ हजारांवर. म्हणजे ६०० ते ६५० या पन्नास पायऱ्यांवर पन्नास हजार मुलं उभी. दर पायरीवर हजार. एक प्रश्न म्हणजे पाच पायऱ्या, म्हणजे पाच हजार डोकी. ढोबळ हिशेब, पण तो मांडल्यावर मला झोप लागली नाही. अणू स्थिर असोत वा नसोत, पाच हजार मुलं रात्रीतून पुढे उभी राहिली होती.

तिची देशातली रँक चाळीस हजारांच्या पलीकडे गेली आणि त्या वर्षी ओपनमधून सरकारी एमबीबीएसची जागा हुकली. फार थोड्याने हुकली.

दाजींना कागद दाखवला. त्यांनी आकडे वाचले नाहीत, फक्त ‘हजार’, ‘हजार’ असं मी म्हणत होतो ते ऐकलं. मग म्हणाले, “आवक वाढली की भाव पडणारच. त्यात पोरीची काय चूक?”

वैद्यकीय प्रवेशाविषयी गेल्या दोन वर्षांत मी जे काही ऐकलं-वाचलं, त्यात याहून नेमकं वाक्य मला सापडलं नाही. लातूरची आडत मराठवाड्यातली मोठी. तूर, सोयाबीन, डाळी. तिथे वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, की पोत्यात माल किती आहे हे एक आणि त्याला आज भाव काय हे दुसरं. आपण पालक मात्र गुणांकडे पोतं म्हणून पाहतो. ७२०पैकी ६३२ म्हणजे जवळजवळ ८८ टक्के. आमच्या वेळी ८८ टक्क्यांवर पेढे वाटले जात.

२०२४मध्ये आवक का वाढली? त्याची कारणं एकात एक अडकलेली आहेत. परीक्षेला बसलेली मुलं २३ लाख ३३ हजार. आदल्या वर्षी वीस लाखांच्या थोडी वर होती. अभ्यासक्रम कापून हलका केलेला. करोनानंतर आलेली सवलतही अजून चालू होती : दोनशे प्रश्नांतले एकशे ऐंशी सोडवायचे आणि वेळ तीन तास वीस मिनिटं. पाटणा आणि हजारीबागची पेपरफुटी तर सर्वांना माहीतच आहे. फुटलेल्या पेपरचा फायदा मोजक्यांना झाला की सगळीकडे झाला, यावरच सगळा खटला उभा होता. न्यायालयाने म्हटलं, संपूर्ण परीक्षा नासल्याचा पुरावा नाही. त्या जूनमध्ये लातुरातही पोलीस आले होते. जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकांवर गुन्हा दाखल झाला. अक्काने तेव्हा शाळेतल्या वर्गमैत्रिणींच्या गटातून आठवडाभर स्वतःला बाहेर काढून घेतलं होतं. कुणी काही म्हणायच्या आधीच.

आता २०२५चं ऐका. ४ मेला पेपर झाला. प्रश्न पुन्हा १८०, वेळ पुन्हा तीन तास. फिजिक्सचा भाग असा आला की केंद्राबाहेर आलेल्या मुलांचे चेहरे पाहून फाटकाशी उभ्या आयांनी पाण्याच्या बाटल्या पुढे केल्या आणि प्रश्न गिळले. देशात पहिला आलेल्या मुलाला ६८६. ६५०च्या वर सबंध देशात फक्त ७३ मुलं. पुन्हा वाचा : आदल्या वर्षी तीस हजारांच्या आसपास, या वेळी ७३. ६०१ ते ६५०मध्ये १,२५९ आणि ५५१ ते ६००मध्ये १०,६५८.

भाचीने एक वर्ष गॅप घेतली होती. ६३२चे तिला ५४१ झाले. वर्षभर घासून एक्क्याण्णव गुण कमी. निकालाच्या संध्याकाळी ती मला फोनवर म्हणाली, “मामा, कमी पडले,” आणि मग हसली. रँक सोळा हजारांच्या आसपास आली होती. ऑगस्टच्या पहिल्या यादीत सरकारी कॉलेज. आदल्या वर्षी ५४१ वाल्या मुलाला त्या यादीच्या दारातही कुणी उभं केलं नसतं.

म्हणून कुणी विचारलं की ‘एवढ्या गुणांना एमबीबीएस मिळेल का’, तर प्रामाणिक उत्तर एकच : कोणत्या वर्षीचे गुण, आणि कोणत्या रांगेतले?

रांगा. या शब्दापाशी थांबायला हवं, कारण नीट ही एक परीक्षा आहे असं आपण म्हणतो, पण तिच्या निकालातून निघणारी रांग एक नाही. पहिली रांग अखिल भारतीय. देशातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या १५ टक्के जागा दिल्लीहून भरल्या जातात. चाळीस वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयाच्याच निकालांतून ही वाटणी आली, राज्यांनी दारं अगदीच बंद करू नयेत म्हणून. नागपूरच्या एम्ससारख्या संस्थेच्या सगळ्याच जागा या रांगेत येतात. नागपूरच्या मुलाला तिथे नागपूरचा म्हणून काही सवलत नाही. दुसरी रांग राज्याची, उरलेल्या ८५ टक्क्यांची. ती मुंबईचा सीईटी सेल चालवतो, आणि तिच्यात उभं राहायला अधिवासाचा दाखला लागतो, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून. बाबांची बदली हैदराबादला झाली आणि दहावी तिकडे झाली, की पोरगं घरात मराठी बोलत असलं तरी रांगेबाहेर. बेळगाव-निपाणीकडच्या सीमाभागातल्या मुलांसाठी मात्र महाराष्ट्राने निराळ्या जागा ठेवल्या आहेत. गोव्याची रांग तिसरीच. बांबोळीचं एकच जुनं मोठं सरकारी कॉलेज, पण पुढे उभी मुलंही एका छोट्या राज्यातली. सावंतवाडीची मुलगी आणि पेडण्याची मुलगी एकच आमटी जेवतात, एकच गुण मिळवतात, आणि त्यांचे नंबर वेगळ्या यादीत लागतात.

राज्याच्या रांगेतही पुन्हा रांगा आहेत. अनुसूचित जाती, जमाती, भटक्यांचे चार गट, ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस. त्यांतच मुलींच्या ३० टक्के, डोंगरी भागाच्या, दिव्यांगांच्या. आरक्षणावर लिहायला बसलो तर हा लेख पुढच्या दिवाळीपर्यंत संपणार नाही, म्हणून एवढंच : जो माणूस म्हणतो की अमक्याला आपल्याहून कमी गुणांवर जागा मिळाली, त्याला मी नेहमी पैशाच्या रांगेविषयी विचारतो, आणि तो बहुधा गप्प होतो. ती रांग पुढे येते आहेच.

त्याआधी सत्तर-तीस. लातूरकर हा शब्द अजून दात खाऊन उच्चारतात. २०२०पर्यंत महाराष्ट्रात राज्याच्या जागांपैकी ७० टक्के त्या त्या विभागातल्या मुलांना मिळत आणि ३० टक्के सबंध राज्याला. विभाग तीन : मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र. हेतू चांगला होता, मागास भागाला डॉक्टर मिळावेत. पण मराठवाड्यात कॉलेजं कमी आणि अभ्यास करणारी पोरं उदंड. लातूर-नांदेडच्या मुलाला जेवढ्या गुणांवर घरी बसावं लागे, त्याहून कमी गुणांवर दुसऱ्या विभागातला मुलगा एप्रन घाली. ८ सप्टेंबर २०२०ला विधिमंडळात ही अट रद्द झाल्याची घोषणा झाली. घोषणा करणारे वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख, लातूरचेच. विदर्भातून तेव्हा नाराजीही उमटली. एका दुपारीत, एकही प्रश्न नव्याने न सोडवता, कितीतरी मुलांच्या गुणांचा भाव बदलला.

लातूर आणि गुण यांचं नातं तसं जुनं आहे आणि सगळंच गोड नाही. १९८६मध्ये मुख्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं ते मुलीच्या एम.डी. परीक्षेतल्या गुणवाढीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ओढलेल्या ताशेऱ्यांनंतर. ते शिवाजीराव पाटील निलंगेकर, याच जिल्ह्यातले. त्याच सुमाराला इथल्या राजर्षी शाहू महाविद्यालयात डॉ. जनार्दन वाघमारे यांच्यासारखी माणसं वेगळाच उद्योग करत होती. गावाकडून आलेल्या पोरांना जादा तास, सतत चाचण्या, पेपर सोडवण्याचा सराव. त्यातून बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं ओळीने लागू लागली आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द महाराष्ट्रभर गेला. पुण्या-मुंबईकडे त्याला घोकंपट्टी म्हणून नाकं मुरडली गेली. मला त्या नाकांचं नेहमी नवल वाटतं. ज्यांच्या घरात तीन पिढ्या डॉक्टर आहेत त्यांना घोकावं लागत नाही, एवढंच.

बारावीच्या गुणांवर प्रवेश होते, मग राज्याची सीईटी आली, आणि लातूरने दोन्ही पचवलं. नीट मात्र वळसे घेत आली. २०१३ला पहिल्यांदा झाली आणि त्याच जुलैत सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी ती रद्द ठरवली. वेगळं मत देणारे होते न्या. अनिल दवे. तीन वर्षांनी, ११ एप्रिल २०१६ला, त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो जुना निकाल मागे घेतला. तारीख मुद्दाम लिहिली. त्याच ११ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरकडे निघाली होती. शहरात नळाला पाणी नव्हतं, टाक्यांभोवती जमावबंदी होती, मेसवाल्यांनी मुलांना ताटाऐवजी पत्रावळी द्यायला सुरुवात केली होती, आणि दिल्लीत या मुलांची परीक्षा बदलली गेली. २८ एप्रिलला आदेश आला की यंदापासूनच नीट. राज्याची सीईटी ५ मेला होती, आणि १ मेची अखिल भारतीय परीक्षाच आता नीटचा पहिला टप्पा ठरली. केंद्राने अध्यादेश काढून त्या वर्षापुरती सूट दिली म्हणून सीईटी निभावली. त्या वर्षी बारावीला असलेला एक मुलगा आज लातुरातच डॉक्टर आहे. तो म्हणतो, “आम्हाला दोनच गोष्टींची काळजी होती, आज पाणी येणार का आणि परीक्षा कुठली येणार.”

एकच परीक्षा आल्याने चांगलंही झालं, ते नाकारू नये. पूर्वी खासगी कॉलेजांची निराळी, एम्सची निराळी, प्रत्येकाचा अर्ज, प्रत्येकाची फी, प्रत्येक परीक्षेला रेल्वेचं तिकीट. अभिमत विद्यापीठांच्या परीक्षांत काय चालायचं याच्या गोष्टी आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. ते दुकान बंद झालं. पण त्याबरोबर सेवाग्रामचं एक छोटं वेगळेपणही गेलं. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेत गांधीविचारावर एक पेपर असायचा. गांधी वाचून कुणी चांगला डॉक्टर होतो असा माझा दावा नाही, परंतु डॉक्टर होऊ पाहणाऱ्याला रोगाशिवाय दुसरं काही वाचायला लावणारी ती एक जागा होती. आता एमबीबीएससाठी नीटच्या गुणांपलीकडे काही विचारणारं मोठं दार म्हणजे पुण्याचं एएफएमसी. तिथे नीटच्या यादीतून मुलं बोलावतात, इंग्रजी आणि तर्काची चाचणी घेतात, मुलाखत घेतात. बाकी सगळीकडे तुम्ही म्हणजे तुमचा क्रमांक. दोघांचे गुण सारखे झाले तर आधी जीवशास्त्राचे बघतात, मग रसायनाचे, मग भौतिकाचे.

आता पैशाची रांग.

नीटमध्ये ‘पात्र’ ठरणं म्हणजे काय, हे फार थोड्या पालकांना उलगडलेलं असतं. ओपनसाठी पात्रता ५० पर्सेंटाइल. पुष्कळांना वाटतं पन्नास टक्के. पन्नास टक्के म्हणजे ३६० गुण झाले असते. पर्सेंटाइल म्हणजे बसलेल्या मुलांतल्या निम्म्यांच्या पुढे असणं. २०२४मध्ये ती रेषा १६२ गुणांवर होती, २०२५मध्ये १४४वर. म्हणजे पाचातला एक भाग. राखीव गटांसाठी ४० पर्सेंटाइल, २०२५मध्ये ११३. २०२४ला १३ लाख १६ हजार मुलं पात्र ठरली आणि देशात सरकारी-खासगी मिळून एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखही नव्हत्या. एका जागेमागे अकरा-बारा ‘पात्र’. दाजींच्या भाषेत हा हमीभाव. २०२४च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि लातूरच्या बाजारात चार हजारांच्या जरा वर माल जात होता. जाहीर झालेला भाव आणि हातात पडणारा भाव.

मग पात्रतेची रेषा एवढी खाली कशाला? ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याच्यासाठी. सरकारी कॉलेजात वर्षाची फी लाख-दीड लाख. खासगीत तीच सात-आठ लाखांपासून पुढे. अभिमत विद्यापीठात वीस लाखांच्या वर. साडेचार वर्षांचा हिशेब कोटीच्या घरात जातो. या रांगेत नंबर गुणांनी लागतो, पण मधली माणसं आपणहून बाहेर पडतात. फीचा आकडा ऐकतात आणि पडतात. सहाशेवाला पडतो, साडेपाचशेवाला पडतो, पाचशेवाला पडतो. शेवटच्या फेरीपर्यंत उभं राहण्याची ज्याची ताकद, त्याला अडीचशे-तीनशेवरही जागा मिळते, आणि कायद्याची आडकाठी थेट पात्रतेच्या रेषेपर्यंत नाही. महाराष्ट्राने १९८७मध्ये कॅपिटेशन फीवर बंदीचा कायदा केला. तेव्हा पैसे टेबलाखालून जात. आता टेबलावरून, पावतीसह जातात.

भाचीला २०२४मध्ये ६३२वर खासगीत सहज मिळत होतं. अक्काचा पगार वार्षिक उत्पन्नाची आठ लाखांची रेषा ओलांडून गेलेला, म्हणून ईडब्ल्यूएस नाही, मुलींसाठीची शुल्कमाफीही नाही. आणि खासगी कॉलेजची फी भरण्याइतका तो पगार नक्कीच नाही. मध्येच लटकलेलं घर. दाजी दोन एकर विकायला तयार झाले होते. भाचीनेच नको म्हटलं. ती म्हणाली, “जमीन विकून मी शिकले तर मग मला कमवावंच लागेल.” अठरा वर्षांच्या मुलीला हे कळलं.

तर गॅप. लातूरच्या ट्यूशन एरियात, सिग्नल कॅम्पकडच्या एका गल्लीत ती वर्षभर राहिली. औशाहून रोज येता आलं असतं, पण एसटीतले दोन तास म्हणजे दोनशे एमसीक्यू, असा इथला हिशेब. मी तिला भेटायला तीनदा गेलो. सकाळी सहाला अभ्यासिकेबाहेर चपलांची रांग लागलेली असते. प्रत्येक मुलाची लाकडी खोक्याएवढी जागा, भिंतीवर चिकटवलेली आवर्तसारणी, आणि त्याखाली पेन्सिलीने मोठ्ठा आकडा : ६८०, ६९०. कुणी स्वतःचं नाव लिहिलेलं दिसलं नाही. मेसच्या मावशी मुलांना गावाच्या नावाने हाक मारतात. परभणी, ताट उचल. गंगाखेड, भात घे. मावशी म्हणाल्या, “रिपीटर पोरं कमी जेवतात. पहिल्या वर्षाची पोरं पोटभर जेवतात.” आकडेवारीत न येणारी ही माहिती मी जशीच्या तशी देतो.

आकडेवारीतली एक गोष्ट मात्र मावशींच्या बाजूने उभी राहते. तमिळनाडूने नीटचा परिणाम तपासायला न्या. ए. के. राजन यांची समिती नेमली होती. तिच्या २०२१च्या अहवालात दिसतं की नीटपूर्वी तिथल्या एमबीबीएसच्या जागांवर आलेल्या मुलांत दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा परीक्षा देणारी बारा टक्क्यांच्या आसपास होती. नीटनंतर चार-पाच वर्षांत ती सत्तर टक्क्यांच्या पुढे गेली. म्हणजे परीक्षा हुशारीची असेलही, पण वर्षभर घरी बसून खर्च सोसण्याचीही आहे. तमिळनाडूचा नीटविरोध आपल्याकडे राजकारण म्हणून उडवला जातो, आणि त्यात राजकारण आहेच. पण अरियलूर जिल्ह्यातली अनिता बारावीला १२००पैकी ११७६ मिळवूनही २०१७मध्ये डॉक्टर होऊ शकली नाही आणि जगलीही नाही, हे त्या राज्याने विसरायचं नाकारलं. आपल्याकडे मराठीचं काय? नीट मराठीतूनही देता येते. गुजरातीतून पन्नास हजारांच्या आसपास मुलं पेपर देतात, आणि मराठीतून त्यामानाने अगदीच थोडी. आपल्या मुलांनी इंग्रजी जिंकली म्हणून हे झालं असं समजायला मला आवडेल. पण खरं कारण क्लासच्या नोट्स इंग्रजीत आहेत, एवढंच साधं आहे.

लातूरमध्ये निकालानंतर दोन महिने एक वेगळाच धंदा चालतो. प्रवेशाचा सल्ला देणाऱ्या या लोकांना ‘काउन्सेलिंगवाले सर’ म्हणतात. शिवाजी चौकाजवळच्या अशाच एका सरांच्या ऑफिसात मी एक दुपार बसलो. टेबलावर लॅपटॉप, त्यात मागच्या सहा-सात वर्षांच्या याद्या. समोर पालक. सर आधी गुण विचारत नाहीत. विचारतात, राज्याच्या यादीतला नंबर काय, कॅटेगरी काय, व्हॅलिडिटी आली का, आणि मग आवाज जरा उतरवून, बजेट काय. गुण पालक स्वतःहून सांगतात. सर मान हलवतात आणि लिहीत नाहीत. एका वडिलांचं जातवैधता प्रमाणपत्र समितीकडे अडकलं होतं. मुलीला जागा होती, कागद नव्हता. ते उठताना म्हणाले, “पोरीनं तिचं काम केलं, माझंच राहिलं.” पुढचे पालक आत आले तरी सर थोडा वेळ लॅपटॉपकडेच बघत राहिले.

त्याच सरांनी मला चॉइस फिलिंगचं मर्म सांगितलं. यादी भरताना मुलं मिळेल ते कॉलेज वर टाकतात, आवडतं खाली. “नंबर लागणार नाही म्हणून केईएम लिहितच नाहीत. अहो, लिहायला पैसे पडत नाहीत.” फॉर्ममध्ये वरून खाली पाहिलं जातं; आवडीचं वर टाकल्याने खालचं हातचं जात नाही. एवढी साधी गोष्ट न कळल्याने दरवर्षी काही मुलं आपल्या रँकपेक्षा हलकं कॉलेज घेऊन बसतात. गुण मिळवायला दोन वर्षं, आणि खर्चायला दोन मिनिटं.

जागा वाढताहेत, हेही सांगायला हवं. ऑक्टोबर २०२४मध्ये राज्यात एकाच दिवशी दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं : जालना, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, गडचिरोली, भंडारा आणि आणखी. नऊशे जागा आल्या. शिकवायला माणसं पुरेशी आहेत का, रुग्णालयात खाटा कुठल्या, असे प्रश्न विचारले गेले आणि विचारायलाच हवेत. पण रांगेतल्या नऊशेव्या मुलाला ते प्रश्न पहिल्या दिवशी पडत नाहीत. भाचीच्या एका मैत्रिणीला २०२५मध्ये यांतल्याच एका नव्या कॉलेजात जागा मिळाली. तिथे वसतिगृह तेव्हा भाड्याच्या इमारतीत होतं. तिचे बाबा गादी, बादली आणि स्टोव्ह घेऊन पोचवायला गेले आणि परत येताना रडले, असं तिनेच हसत सांगितलं.

आणि हे सगळं पुन्हा एकदा करायचं असतं. एमबीबीएसनंतर नीट-पीजी. २०२३च्या सप्टेंबरमध्ये रिकाम्या जागा भरण्यासाठी तिथली पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. शून्य. परीक्षेला बसला की पात्र. त्या बातमीखाली एका इंटर्न पोराने ‘म्हणजे आता फक्त पेन आणायचं’ असं लिहिलेलं मी वाचलं होतं.

सप्टेंबर २०२५मध्ये मराठवाड्यात पाऊस थांबायलाच तयार नव्हता. दाजींचं सोयाबीन शेंगा धरलेलं पाण्यात उभं राहिलं. भाचीचा वर्ग तेव्हाच सुरू झाला. तिने पहिल्या आठवड्यात फोन केला तेव्हा मला वाटलं, शवविच्छेदनाच्या हॉलबद्दल सांगेल. तिने विचारलं, “मामा, पंचनामा झाला का बाबांचा?”

दसऱ्याच्या सुमाराला मी पुन्हा लातूरला गेलो होतो. ट्यूशन एरियात वळलो आणि समोर भाची. दोनमजली फ्लेक्सवर, तिसऱ्या ओळीत, डावीकडून चौथी. नाव, कॉलेज आणि लाल आकड्यात ५४१. थोडं पुढे गेलो तर दुसऱ्या क्लासच्या फ्लेक्सवर पुन्हा तीच, फोटोही तोच. त्या दुसऱ्या क्लासमध्ये तिने डिसेंबरात एक सराव परीक्षा दिली होती, एवढाच संबंध. मी फोटो काढून तिला पाठवला. तिने हसण्याचे चार चेहरे पाठवले.

फ्लेक्सखाली एक गृहस्थ उभे होते, बहुतेक उदगीर किंवा देगलूरकडचे. सोबत अकरावीतला मुलगा, पाठीवर दप्तर, हातात पावत्यांचं पाकीट. गृहस्थांनी वर पाहिलं, खिशातून छोटी डायरी काढली आणि मला विचारलं, “साहेब, एवढ्यातच लागतो का हो नंबर? पाचशे एक्केचाळीस?”

“यंदा लागला,” मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली, मुलाकडे एकदा पाहिलं, आणि डायरीत लिहून घेतलं : ५४१.